पात्याची पारख : घायपात आणि तत्सम मांसल वनस्पतींविषयी

ज्या वनस्पती आपल्या पानांत, खोडांत किंवा मुळांत पाणी साठवून कोरड्या ऋतूत त्यावर तग धरतात, त्यांना मांसल वनस्पती म्हटले जाते. ही संज्ञा त्यांच्या राहणीवरून पडलेली आहे, नात्यावरून नव्हे. आणि त्यांची ओळख पटवताना होणाऱ्या बहुतेक गोंधळांचे मूळ याच गोष्टीत आहे. माळाच्या बांधावरचे घायपात, परसातली कोरफड, कुंपणाचा शेर आणि पडीक जमिनीवर माजलेला फड्या निवडुंग या चौघांना सामान्य व्यवहारात एकाच पंगतीत बसवले जाते, कारण चौघांची अंगे जाड आहेत, चौघांनाही पाण्याची फारशी तमा नाही आणि गुरे सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. प्रत्यक्षात घायपात आणि कोरफड एकदल वनस्पती आहेत, म्हणजे त्यांच्या बीजातून एकच दल बाहेर येते आणि त्या गवत, कांदा, केळ यांच्या बाजूच्या आहेत. शेर हा एरंडाच्या कुलातला, तर फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेल्या कॅक्टस कुलातला. दुष्काळी हवेने वेगवेगळ्या घराण्यांतल्या वनस्पतींना सारखेच रूप दिले, या घटनेला जीवशास्त्रात अभिसारी उत्क्रांती म्हणतात. बाह्य रूपावर विसंबणाऱ्याला ती हमखास फसवते.

प्रस्तुत ग्रंथाचा मुख्य विषय अगेव्ह ही प्रजाती आहे. प्रजाती म्हणजे निकटच्या अनेक जातींचा समूह. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअसने १७५३ साली तिला हे नाव दिले, आणि त्यासाठी त्याने ‘उदात्त’, ‘वैभवशाली’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द निवडला, तो बहुधा तिच्या फुलोऱ्याची उंची डोळ्यांसमोर ठेवून. प्रजातीत सुमारे २०० जाती मानल्या जातात आणि त्यांपैकी बहुसंख्य मेक्सिकोत आढळतात. बाकीच्या मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांत विखुरलेल्या आहेत. जुन्या जगात, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि युरोपात, अगेव्हची एकही जाती मूळची नाही. त्यामुळे भारतातील कोणत्याही घायपाताचा वंश अखेर अटलांटिकपलीकडेच पोचतो आणि सोळाव्या शतकाआधीच्या कोणत्याही भारतीय ग्रंथात त्याचा शोध घेणे व्यर्थ ठरते. कुलाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांचे बराच काळ एकमत नव्हते. ही प्रजाती कधी लिलीच्या, कधी नर्गिसाच्या कुलात ठेवली गेली, पुढे तिचे स्वतंत्र कुल झाले आणि जनुकीय अभ्यासानंतर आता ती शतावरीच्या कुलातल्या एका उपकुलात गणली जाते.

घायपाताची ठेवण एकदा नीट पाहिली की विसरत नाही. खोड जवळपास नसल्यासारखेच असते आणि जमिनीलगत पानांचा गुच्छ गोलाकार मांडलेला असतो. पाने जाड, तंतुमय, मेणचट लेपाने झाकलेली असतात, त्यांच्या कडांना बहुतेक जातींत दाते असतात आणि टोकाला एक कठीण, गडद काटा असतो. गुच्छाच्या मध्यभागी कोवळी पाने एकमेकांना घट्ट लपेटून शंकूसारखी उभी राहतात, आणि या दाबामुळे एका पानाच्या दात्यांचा ठसा शेजारच्या पानावर कायमचा उमटतो. पान उलगडल्यावर हा ठसा पुसट नक्षीसारखा दिसतो, आणि फूल नसताना ओळख पटवायला ही लहानशी खूण फार उपयोगी पडते. या वनस्पती त्वग्रंध्रे, म्हणजे पानावरची श्वासाची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसाच्या उजेडात त्याची साखर करतात, त्यामुळे पाण्याचा व्यय अत्यंत कमी होतो.

ही साखर वर्षानुवर्षे साठत जाते आणि एके दिवशी एकाच कामी येते. बहुतेक जातींत गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. अशा वनस्पतींना सकृत्फलित म्हणतात. शंभर वर्षांनी फुलणारी वनस्पती अशी अगेव्ह अमेरिकानाची ख्याती इंग्रजी नावामुळे पसरली असली, तरी ती अतिशयोक्त आहे. हवामान आणि जमीन यांनुसार साधारण १० ते ३० वर्षांत ती फुलावर येते. तेव्हा मध्यातून एक दांडा झपाट्याने वर चढतो, काही आठवड्यांत पाच ते आठ मीटर उंच होतो, आणि फुले, फळे, बिया होईपर्यंत पानांतले सारे सत्त्व ओढून घेतो. मागे उरतात ती बुंध्याभोवती आधीच फुटलेली पिल्ले, ज्यांना वनस्पतिशास्त्रात अधश्चर म्हणतात, आणि काही जातींत दांड्यावरच फुलांच्या जागी धरलेल्या कंदिका, म्हणजे मुळांसह गळून पडणारी तयार रोपे.

या जीवनक्रमातच ग्रंथाच्या विषयाचा पेच आहे. वनस्पतिशास्त्राची सारी वर्गवारी फुलावर उभी आहे, आणि इथे फूल पिढीत एकदा दिसते. अगेव्ह प्रजातीचे दोन मोठे भाग पाडले जातात तेही फुलोऱ्यावरूनच : लिटिया या उपप्रजातीत दांडा कणसासारखा सरळ व अशाख, तर अगेव्ह या उपप्रजातीत त्याला आडव्या फांद्या आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके. शिवाय जाडजूड, टोकदार, रसाळ पान दाबून सुकवून कागदावर चिकटवता येत नाही, त्यामुळे जगभरच्या वनस्पती-संग्रहालयांतले अगेव्हचे नमुने अपुरे, तुटक आणि अनेकदा निरुपयोगी असतात. हॉवर्ड स्कॉट जेंट्री या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने मेक्सिकोच्या डोंगरांत दीर्घकाळ हिंडून १९८२ साली उत्तर अमेरिका खंडातील अगेव्हवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो, आणि त्याचे बळ त्याच्या लेखकाने वनस्पती जागेवर जाऊन, उभ्या पाहिल्या यात आहे.

मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला मात्र फुलाची वाट पाहून चालत नाही. त्याला हवे असते ते फुलण्यासाठी साठलेले सत्त्व, आणि ते फुलोरा वर चढण्याआधीच हाती यावे लागते. म्हणून त्याची पारख दुहेरी असते : ही कोणती जाती, आणि तिचे वय कुठवर आले आहे. वनस्पतिशास्त्राच्या तक्त्यांत यातला पहिलाच प्रश्न असतो. पारंपरिक उपयोगांची नोंद ओळखीपासून तोडून स्वतंत्र परिशिष्टात टाकण्याची जी पद्धत अनेक ग्रंथांत दिसते, ती या वनस्पतींपुरती तरी चुकीची आहे, अशी या ग्रंथामागची धारणा आहे.

ओळखीतला सर्वांत जुना गोंधळ घायपात आणि कोरफड यांचा आहे. इंग्रजीत घायपाताला दीर्घकाळ ‘अमेरिकन अ‍ॅलो’, म्हणजे अमेरिकी कोरफड, म्हटले गेले, आणि भारतातून निर्यात होणारा घायपाताचा धागा व्यापारात ‘बॉम्बे अ‍ॅलो’ या नावाने चालत असे. वास्तविक कोरफडीच्या पानात दोर वळण्याजोगा धागा नसतोच. पान आडवे कापले तर फरक ताबडतोब लक्षात येतो : कोरफडीच्या सालीलगत पिवळसर कडू रस झिरपतो आणि आत पारदर्शक, बुळबुळीत गर असतो, तर घायपाताचे पान सहजासहजी कापलेच जात नाही, आणि कापले तर त्यातून चिवट तंतूंचे टोक बाहेर आलेले दिसते. कोरफडीचे दाते मऊ असतात आणि तिच्या टोकाला खरा काटा नसतो. ती दरवर्षी, पुन्हा पुन्हा फुलते, आणि तिची नळीसारखी फुले खाली झुकलेली असतात. फुलाचा निर्णायक पुरावा किंजपुटात मिळतो. किंजपुट म्हणजे फुलाचा जो भाग पुढे फळ होतो तो. कोरफडीत तो पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत असतो, म्हणून त्याला ऊर्ध्वस्थ म्हणतात, आणि घायपातात तो पाकळ्यांच्या खाली, देठाकडे असतो, म्हणून अधःस्थ. कोरफडींचे घर आफ्रिका, अरबस्तान आणि आसपासची बेटे हे आहे. घायपाताशी त्यांची गाठ माणसाने घालून दिली.

फर्क्रिया ही प्रजाती त्याहून अवघड, कारण ती घायपाताची खरोखरीची जवळची नातलग आहे आणि तिची एक जाती, जिच्या धाग्याला मॉरिशस हेम्प म्हणतात, भारतातही लावली गेली. तिची पाने अधिक लवचीक व उजळ हिरवी असतात, टोकाला घायपातासारखा टणक काटा नसतो, आणि फुले पांढरट-हिरवी, खाली लोंबणारी असतात. घायपाताची फुले उभी असतात आणि त्यांचे सहा केसर पाकळ्यांच्या बाहेर लांब डोकावतात, तर फर्क्रियाचे केसर आखूड आणि बुडाशी फुगीर असतात. डेव्हिड प्रेन आणि जे. आर. ड्रमंड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील अगेव्ह व फर्क्रिया यांवर टिपणे लिहिली, यावरून हा प्रश्न त्या काळीही किती व्यावहारिक होता हे दिसते. धाग्याच्या मळ्यात चुकीची जाती लावली, तर चूक उमगेपर्यंत काही वर्षे वाया गेलेली असतात.

युक्का ही प्रजातीही याच उपकुलातली, पण तिची पाने पातळ असतात, अनेक जातींना खोड असते आणि किंजपुट ऊर्ध्वस्थ असतो. केवड्याची पाने दुरून घायपाताशी मिळतीजुळती वाटतात, परंतु त्यांच्या कडांबरोबर पाठीमागच्या मधल्या शिरेवरही काटे असतात आणि बुंध्याला आधारमुळे फुटतात. शेर आणि तिधारी निवडुंग यांना ओळखायला फांदीला ओरखडा पुरेसा आहे, कारण पांढरा चीक लगेच वाहू लागतो. हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा ही परीक्षा जपूनच करावी. कॅक्टस कुलात सहसा चीक नसून काटे विशिष्ट लवदार उंचवट्यांतून पुंजक्याने उगवतात. फड्या निवडुंगाचा इतिहास इथे थोडा आडवाटेचा असला तरी सांगण्याजोगा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने किरमिजी रंग देणाऱ्या कीटकाच्या आशेने मद्रासेत निवडुंगाची लागवड केली, १७९५ साली ब्राझीलमधून कीटक आणवले, पण ते हव्या असलेल्या जातीचे नव्हते. रंग हलका निघाला आणि कीटकाने निवडुंगच फस्त केला. पुढे तणाचा बंदोबस्त कीटकांकरवी करण्याच्या शास्त्राने हे उदाहरण आपले पहिले पाऊल म्हणून मिरवले. कीटकाची ओळख चुकली नसती, तर हा धडा मिळाला नसता.

पारंपरिक उपयोगांकडे वळताना मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठारापासूनच आरंभ करावा लागतो, कारण वनस्पती आणि मानवी समाज यांचे इतके घट्ट नाते जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. नाहुआ भाषेत या वनस्पतीला ‘मेत्ल’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवर ऐकलेला ‘मागे’ हा शब्द आणला आणि तोच रूढ झाला. होसे दे आकोस्ता या जेझुइट धर्मोपदेशकाने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे वर्णन आश्चर्यांचे झाड असे केले, आणि ते करताना त्याने पाणी, मद्य, तेल, सिरका, मध, दोरा, सुई अशी तिच्यापासून मिळणाऱ्या वस्तूंची यादी दिली. यादीतले तेल सोडले तर बाकीचे बरेचसे खरे आहे. सुई-दोऱ्याची गोष्ट तर अक्षरशः खरी आहे : पानाच्या टोकाचा काटा मागे जोडलेल्या तंतूंसह अलगद ओढून काढला की ओवलेली सुईच हाती येते. हेच काटे देवाला स्वतःचे रक्त अर्पण करण्यासाठीही वापरले जात. स्पॅनिश विजयानंतर दोन दशकांनी तयार झालेल्या मेंडोसा हस्तलिखितातील चित्रांत तर उद्धट मुलाला बाप याच काट्यांनी टोचताना दाखवला आहे.

या पठारावरचे खरे प्रमुख उत्पादन म्हणजे पुल्के, हे आंबवलेले, दुधट रंगाचे, सौम्य मादक पेय. त्यासाठी अगेव्ह साल्मियाना, अगेव्ह मापिसागा यांसारख्या प्रचंड आकाराच्या जाती लागतात, आणि त्या तयार व्हायला साधारण ८ ते १२ वर्षे जातात. रस काढणाऱ्या कारागिराला त्लाचिकेरो म्हणतात. मधला शंकू बारीक होऊ लागला, नव्या पानांचे काटे आखूड पडू लागले, की दांडा आता सुटणार हे तो जाणतो, आणि त्याच वेळी मधला कोंब कापून काढतो. या क्रियेला तिथे खच्चीकरण असेच म्हणतात. ही वेळ थोडी आधी साधली तर रस धरत नाही आणि उशीर झाला तर सत्त्व दांड्यात निघून जाते. कोंबाच्या जागी खळगा करून त्याच्या भिंती दररोज खरवडल्या जातात, तेव्हा आगवामिएल, म्हणजे मधपाणी, झिरपू लागते. लांब मानेच्या दुध्या भोपळ्याची नळी तोंडाने ओढून ते सकाळ-संध्याकाळ गोळा केले जाते. चांगली वनस्पती दिवसाला चार ते सहा लिटर रस काही महिने देते आणि मग कोरडी पडून मरते. कोकणातल्या माडाची किंवा माडीची आठवण मराठी वाचकाला इथे होईल, परंतु माड वर्षानुवर्षे माडी देतो आणि ‘मागे’ ही वनस्पती एकदाच रस देते, हा भेद त्या समाजाच्या लागवडीच्या हिशोबात, वारशात आणि दैवतकथांतही उतरला आहे. मायावेल ही ‘मागे’ची देवता चारशे स्तनांची मानली गेली, आणि तिची चारशे सशांच्या रूपातली मुले म्हणजे नशेचे नाना प्रकार. आस्तेक राज्यात मद्यपानावर कडक निर्बंध होते, वृद्धांना मात्र मोकळीक होती; मेंडोसा हस्तलिखितात सत्तरी गाठलेली म्हातारी माणसे निश्चिंतपणे पिताना रंगवली आहेत.

रस काढण्यापेक्षाही जुनी पद्धत बहुधा भाजण्याची असावी. पाने छाटल्यावर उरणारा गाभा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला पिन्या म्हणतात. कच्चा गाभा तिखट, दाहक आणि पचायला अशक्य असतो, कारण त्यातली साखर फ्रुक्टन या लांब साखळीच्या रूपात बांधलेली असते. तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मातीखाली दोन-चार दिवस भाजल्यावर ही साखळी तुटून फळशर्करा मोकळी होते आणि गाभा काकवीसारखा गोड लागतो. ओहाका आणि तेवाकान येथील कोरड्या गुहांत चघळून थुंकलेले अगेव्हचे चोथे सापडले आहेत, त्यावरून हे अन्न मक्याच्या शेतीहून जुने असल्याचे दिसते. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतील अपाचे लोकांच्या एका शाखेला या अन्नामुळेच मेस्कालेरो हे नाव पडले. आसवनाची कला स्पॅनिश काळात रुळल्यावर याच भाजलेल्या गाभ्यापासून मेस्काल तयार होऊ लागले, आणि टकीला हा त्याचा एक प्रादेशिक प्रकार, जो केवळ अगेव्ह टकीलाना या जातीच्या निळसर वाणापासून, ठरावीक प्रदेशातच करता येतो. या नावाला १९७४ पासून कायदेशीर भौगोलिक संरक्षण आहे आणि टकीला गावाभोवतीच्या अगेव्ह-भूमीला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या घायपातापासून आसवित मद्य तयार करण्याचे उद्योग अलीकडे भारतातही उभे राहिले आहेत, पण त्या मद्याला टकीला म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

धाग्याची कथा अधिक कठोर आहे. घरगुती वापराचा इश्त्ले हा धागा पानाचा गर दगडावर वा फळीवर खरवडून काढला जातो, आणि त्याच्या झोळ्या, जाळ्या, पाठीवरच्या ओझ्याचे कपाळपट्टे, विरळ विणीचे वस्त्र असे अनेक उपयोग शतकानुशतके होत आले. युकातान द्वीपकल्पात माया लोक अगेव्ह फोरक्रॉयडीस, म्हणजे एनेकेन, याच रीतीने वापरत होते. परंतु १८८० च्या सुमारास अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या सुतळीने बांधणारे कापणीयंत्र रूढ झाले आणि या धाग्याची मागणी अचानक इतकी वाढली, की युकातानचे जमीनदार ‘हिरव्या सोन्या’वर गबर झाले, तर माया आणि सोनोरातून हद्दपार करून आणलेले याकी लोक त्यांच्या मळ्यांवर कर्जाने बांधलेल्या वेठबिगाराच्या अवस्थेला पोचले. मेरिदा शहरातले त्या काळचे वाडे पाहताना ही बाजू नजरेआड होऊ नये. एनेकेनची भावंड असलेली सिसाल, म्हणजे अगेव्ह सिसालाना, हिचे नाव युकातानच्याच एका बंदरावरून पडले. रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन कृषितज्ज्ञाने १८९३ साली फ्लोरिडाहून हजार कंदिका मागवल्या, पूर्व आफ्रिकेत पोचल्या तेव्हा त्यांतल्या ६२ जिवंत होत्या, आणि आजच्या टांझानियातील सिसालचे मळे त्यांपासूनच विस्तारले. ही जाती बी धरत नाही. तिच्यातील गुणसूत्रांचे संच पाच असल्याने बीजनिर्मितीत ते नीट विभागले जात नाहीत, म्हणून तिचा सारा प्रसार कंदिका आणि पिल्ले यांवरच चालतो. ओडिशातील बामडा येथे सिसालवर संशोधन करणारे सरकारी केंद्र आहे.

महाराष्ट्रात घायपात, काही भागांत केकताड, या एकाच नावाखाली किमान तीन जाती येतात. निळसर-करड्या, जाड, वळलेल्या पानांची आणि ठळक दात्यांची ती अगेव्ह अमेरिकाना. सरळ, हिरव्या, तलवारीसारख्या पानांची, जिच्या प्रौढ पानांच्या कडा जवळपास बिनदात्यांच्या असतात, ती सिसाल. आणि अरुंद, लवचीक, बारीक दात्यांची अगेव्ह कांताला, जिचा धागा अधिक मऊ असतो आणि जी वर उल्लेखिलेल्या ‘बॉम्बे अ‍ॅलो’ची खरी धनी. रेल्वेमार्गांच्या कडेने आणि शेतांच्या बांधांवर कुंपण म्हणून या वनस्पती लावल्या गेल्या. त्यांच्या पानांपासून निघणाऱ्या धाग्याला वाख म्हणतात. पाने कापून काही दिवस पाण्यात कुजवायची, मग दगडावर बडवून व धुऊन गर काढून टाकायचा, उन्हात वाळवायचे आणि पीळ देऊन दोर वळायचा, हे काम प्रामुख्याने मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. कासरे, दावी, वेसणी, चऱ्हाटे, शिंकी, बैलांच्या तोंडची मुसकी आणि मोटेचा नाडा यांवाचून शेती चालत नव्हती, पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा साज चढवायचा तर तो याच हातांनी वळलेला असे, आणि तरीही या कारागिरीच्या वाट्याला बलुत्यापलीकडे फारसे काही आले नाही. कुजवलेल्या पानाच्या पाण्याने हातांना सुटणारी खाज हा या कामाचा अटळ भाग होता. नायलॉनच्या दोराने हा व्यवसाय काही दशकांतच मोडीत काढला; जो दोर कोणत्या पानाचा, कोणत्या ऋतूत कापलेल्या वाखाचा आहे हे बोटांनी ओळखले जाई, त्या ज्ञानाची लेखी नोंद मात्र मराठीत अत्यल्प आहे. मेक्सिकोतल्या त्लाचिकेरोवर चित्रे, ग्रंथ आणि संग्रहालये आहेत; इथल्या दोर वळणाऱ्याचे तसे काही नाही.

अगेव्हचा आणखी एक वंशज महाराष्ट्रात आहे, पण त्याला कुणी घायपाताचा सोयरा म्हणणार नाही. वेण्यांत, हारांत आणि लग्नमंडपांत दिसणारी गुलछडी, म्हणजेच निशिगंध, ही मूळची मेक्सिकोचीच, आणि आस्तेकांच्या बागांतही ती होती. पॉलिअँथस ही तिची जुनी प्रजाती जनुकीय पुराव्यांनंतर अगेव्हमध्ये विलीन करण्यात आली असून तिचे शास्त्रीय नाव आता अगेव्ह अमिका असे मानले जाते. काटा नाही, जाड पान नाही, कंद मात्र आहे. रात्री दरवळणारा गंध निशाचर पतंगांसाठी आहे, आणि रात्रीच्या पाहुण्यांवर भिस्त ठेवण्याची ही सवय घायपाताशीही जुळते.

धाग्याच्या वनस्पतींत ओळखीचा प्रश्न धर्मशास्त्रापर्यंतही पोचतो. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या धनुष्यदोरीची असावी असे सांगितले आहे, परंतु मूर्वा नेमकी कोणती, यावर वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्यात एकवाक्यता नाही. बंगालकडे सान्सेव्हिएरा रॉक्सबर्घियाना, जिचा मजबूत धागा प्रसिद्ध आहे, तिला मूर्वा म्हणतात. इतरत्र मार्सडेनिया या वेलीला, केरळात कोनेमॉर्फाला, तर महाराष्ट्रात मोरवेलीला ते नाव दिले गेले. यांतली सान्सेव्हिएरा ही एकच मांसल, आणि तिला आता ड्रॅसिना प्रजातीत घातले आहे. कुलाने ती कोरफडीपेक्षा घायपाताला जवळची ठरते. धनुष्याच्या दोरीची कसोटी लावली तर तिचा दावा बळकट दिसतो, औषधाच्या गुणांची लावली तर वेलींचा. या ग्रंथात दोन्ही कसोट्या नोंदल्या आहेत आणि निवाडा वाचकावर लादलेला नाही.

अगेव्हचा उपयोग जितका वाढतो तितके तिचे फुलणे घटते, ही गोष्ट अलीकडच्या अभ्यासांत ठळकपणे पुढे आली आहे. फांद्यायुक्त फुलोऱ्याच्या अनेक जातींचे परागण लेप्टोनिक्टेरिस या मकरंदभक्षी वटवाघळांमार्फत होते, जी दरवर्षी मेक्सिकोतून उत्तरेकडे अगेव्ह आणि स्तंभाकार निवडुंग यांच्या बहरामागोमाग स्थलांतर करतात. मद्यासाठी प्रत्येक दांडा फुलण्याआधीच छाटला तर वटवाघळांना अन्न उरत नाही आणि वनस्पतीला बी धरता येत नाही. निळ्या अगेव्हचे मळे तर पिल्लांपासूनच, म्हणजे एकाच रोपाच्या अनंत प्रतींनी, भरलेले असतात, त्यामुळे एखादा रोग शिरला की त्याला अडवणारे वैविध्यच शिल्लक नसते. काही उत्पादक आता ठरावीक प्रमाणात दांडे फुलू देतात. या वटवाघळांची एक जाती २०१८ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आली, हे मात्र समाधानकारक आहे.

औषधी उपयोगांच्या नोंदी ग्रंथात दिल्या आहेत, मात्रा कुठेही दिलेली नाही. घायपाताच्या ताज्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक आणि साबणासारखी फेसाळणारी सॅपोनिन द्रव्ये असतात. त्यामुळे काही जातींच्या मुळांनी मेक्सिकोत कपडे धुतले जातात, रसाने मासे बधिर केले जातात, आणि त्याच रसाने मळ्यांतल्या मजुरांच्या हातांवर पुरळ उठते. सिसालच्या गाळातून मिळणाऱ्या हेकोजेनिनपासून विसाव्या शतकात स्टेरॉइड औषधे तयार झाली, पण ती प्रयोगशाळेतल्या दीर्घ प्रक्रियेनंतर. यावरून पान वाटून पिण्याला आधार मिळतो असे कुणी मानू नये. कोरफडीच्या बाबतीतही पारदर्शक गर आणि सालीलगतचा पिवळा रस, जो आटवून काळा बोळ होतो, ही दोन पूर्ण वेगळी द्रव्ये आहेत, आणि दुसरे तीव्र रेचक असल्याने गर्भारपणात वर्ज्य सांगितले जाते. शास्त्रीय नाव, स्थानिक नाव आणि वनस्पतीचा वापरलेला भाग या तिन्ही गोष्टी प्रत्येक नोंदीत एकत्र छापल्या आहेत, त्या याच कारणासाठी. स्थानिक नाव ज्या तालुक्यात ऐकले गेले त्याचा निर्देशही शक्य तिथे केला आहे, कारण घायपात, केकताड आणि कोरफड ही नावे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना एकमेकांच्या जागा घेतात.